घरांतील यंत्रें : पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होत नाहीं तेव्हां

विंडोज १० या संचालन-प्रणालीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि तेव्हांपासून पुष्कळ घरांपुढें एकच प्रश्न उभा राहिला. लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा आहे, पडदा स्वच्छ आहे, कळा शाबूत आहेत. मात्र विंडोज ११ साठीं लागणारी टीपीएम २.० ची सोय किंवा इंटेलच्या साधारणपणें आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर त्यांत नाहीं. असें चालतें यंत्र मोडींत घालणें काटकसरी गृहस्थास रुचत नाहीं, व रुचूंहि नये. म्हणून लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी विनामूल्य प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि ती त्या यंत्रावर बसवावी, असा बेत ठरतो. येथपर्यंत सर्व सुरळीत होतें. पुढें पेनड्राइव्ह लावला जातो, यंत्र चालू केलें जातें, आणि पडद्यावर पुन्हां तेंच जुनें विंडोज येऊन उभें राहतें. नाहीं तर काळ्या पडद्यावर "सुरू करण्याजोगें साधन सांपडलें नाहीं" अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ दिसते.

अशा वेळीं घरांतील उत्साही मंडळी यंत्राच्या अंतर्गत मांडणींत शिरून दिसेल तें बदलूं लागतात. एक म्हणतो हें बंद कर, दुसरा म्हणतो तें चालू कर. आणि अर्ध्या तासानें मूळची स्थिति काय होती हें कोणासच सांगतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांतील लॅपटॉप कोणा एकाचा नसतो, ही गोष्ट या गडबडींत विसरली जाते. त्यांत काकांचे प्राप्तिकराचे कागद असतात, सूनबाईंचा अर्धवट प्रबंध असतो, आजोबांनीं वर्षानुवर्षें खपून जुळविलेली कुलवृत्तान्ताची प्रत असते, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें असतात. एकाच्या घाईनें दुसऱ्याचे श्रम कायमचे नाहींसे होणें हें अशा प्रसंगीं अगदीं शक्य असतें.

सबब आजच्या लेखांत एकच गोष्ट सांगावयाची आहे. यंत्र नकार देतें तेव्हां तें एका विशिष्ट प्रश्नावर अडलेलें असतें. तो प्रश्न ओळखावा, तेवढाच सोडवावा, आणि या सर्वांच्या आधीं घराची ठेव सुरक्षित करावी.

आधीं ठेव, मग प्रयोग

विंडोज असलेल्या अनेक लॅपटॉपांतील साठवणीची चकती सांकेतिक कुलुपांत बंद असते. या कुलुपास बिटलॉकर म्हणतात. कांहीं यंत्रांत तेंच "डिव्हाइस एन्क्रिप्शन" या नांवानें आढळतें. तें आपण स्वतः लावलें नसलें तरी लागलेलें असूं शकतें. सन २०२४ मध्यें आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर, नव्यानें प्रणाली बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला असतां तें बहुतेक यंत्रांत आपोआप लागतें. याची किल्ली टीपीएम नांवाच्या चिपेपाशीं असते, आणि यंत्र नेहमींच्याच रीतीनें सुरू होत आहे अशी खात्री पटल्यावरच ती चिप किल्ली सोडते. आपण सुरक्षिततेची एखादी मांडणी बदलली, कीं तिला संशय येतो व विंडोज सुरू होतांना ४८ अंकांची पुनःप्राप्ति-किल्ली मागितली जाते. ती हातीं नसेल तर चकतीवरील मजकूर धडधाकट असूनहि कोणासच वाचतां येत नाहीं. दुकानदारास नाहीं व निर्मात्यासहि नाहीं.

ही किल्ली पुष्कळदां ज्या खात्यानें लॅपटॉप प्रथम सुरू केला त्या खात्यांत जमा असते. तें खातें बहुधा घरांतील ज्या चिरंजीवानें किंवा भाच्यानें यंत्र लावून दिलें त्याचें असतें, आणि तो आज परगांवीं अथवा परदेशीं असतो. म्हणून प्रथम त्यास विचारून ती किल्ली मिळवावी, कागदावर लिहून घ्यावी व घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. लॅपटॉपमध्येंच तिची नोंद करून ठेवणें म्हणजे कपाटाची किल्ली कपाटांतच ठेवण्यासारखें होय.

त्यानंतर सर्वांच्या फाइली बाहेरच्या चकतीवर उतरवाव्या, आणि त्यांपैकीं दोन-चार दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. प्रत काढली म्हणजे ती उघडतेच असें नाहीं. उघडून पाहिलेली प्रत तीच खरी प्रत. मराठी घरांत येथें आणखी एक सावधगिरी हवी. पुण्यांत तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या पद्धतींच्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर त्या टंकाशिवाय उघडला तर देवनागरीऐवजीं रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. कुलवृत्तान्त, स्तोत्रसंग्रह, संस्थेचीं इतिवृत्तें असें लेखन त्या काळांतील असेल, तर जुनी प्रणाली चालू आहे तोंवरच त्याच्या पीडीएफ प्रती करून ठेवाव्या. युनिकोड पद्धतीनें टंकलेल्या मजकुरास ही अडचण येत नाहीं.

जो पेनड्राइव्ह या कामीं वापरावयाचा तो तयार करतांना पूर्णपणें पुसला जातो, हेंहि घरांत सर्वांस सांगून ठेवावें. आणि लॅपटॉप कचेरीचा असेल तर हा प्रयोग त्यावर मुळींच करूं नये; ती मालमत्ता आपली नव्हे.

यंत्र जागें होतांना काय घडतें

यंत्र सुरू होण्याच्या क्रियेस इंग्रजींत "बूट होणें" म्हणतात. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःस वर उचलावें, अशा अर्थाच्या एका वाक्प्रचारावरून हा शब्द आला. अडचणहि तशीच आहे. प्रणाली चकतीवर आहे; पण चकती वाचण्यासाठीं आधीं कोणती तरी आज्ञावली चालू असावी लागते. ही पहिली आज्ञावली यंत्राच्या मुख्य पाटावरील एका चिपेंत कायमची वसत असते. तिला फर्मवेअर म्हणतात. सन १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ती बायोस या नांवानें ओळखली गेली. पुढें इंटेलनें ईएफआय ही नवी रचना आणली व सन २००५ मध्यें अनेक कंपन्यांच्या मंडळानें ती यूईएफआय या नांवानें पुढें चालविली. आजच्या सर्वसाधारण लॅपटॉपांत हीच असते, जरी बोलतांना लोक तिला अजून बायोस म्हणतात.

ही आज्ञावली पेनड्राइव्ह स्वीकारण्यापूर्वीं जणूं चार प्रश्न विचारते. दाराशीं कोणी आलें आहे काय? आलेल्यांपैकीं प्रथम कोणास आंत घ्यावयाचें? त्याची मांडणी मला वाचतां येते काय? आणि त्याजवर मी मानीन अशा कोणाची सही आहे काय? चारहि उत्तरें मनाजोगीं आलीं तरच पेनड्राइव्हवरील प्रणाली सुरू होते.

पहिला प्रश्न : साधन दिसतें काय?

प्रथम पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या खांचेंत लावावा. मध्यें हब किंवा लांब दोरी नको. जुन्या यंत्रांत निळ्या जिभेची यूएसबी ३ ची खांच व काळ्या जिभेची यूएसबी २ ची खांच अशा दोन जाती असतात. यूएसबी ३ नुकतें आलें तेव्हांच्या कांहीं यंत्रांतील फर्मवेअरला ती निळी खांच सुरुवातीस ओळखतां येत नाहीं. विंडोज चालू झाल्यावर मात्र तीच खांच उत्तम चालते. अशा यंत्रांत काळी खांच वापरतांच प्रश्न मिटतो.

दुसरें कारण अधिक फसवें आहे. सन २०१२ मधील विंडोज ८ पासून "शट डाउन" केल्यावर यंत्र पूर्णपणें बंद होतेंच असें नाहीं. फास्ट स्टार्टअप या सोयीमुळें प्रणालीचा गाभा चकतीवर झोपविलेल्या स्थितींत राहतो, आणि पुढच्या वेळीं तोच झटपट उठविला जातो. त्या घाईंत पेनड्राइव्हकडे पाहण्याची संधीच कित्येकदां मिळत नाहीं. म्हणून बंद करून पुन्हां चालू करण्याऐवजीं "रीस्टार्ट" ही आज्ञा द्यावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे शिफ्ट ही कळ दाबून धरून रीस्टार्ट करणें. मग येणाऱ्या निळ्या पडद्यावर "यूज अ डिव्हाइस" असा पर्याय बहुधा मिळतो व तेथूनच पेनड्राइव्ह निवडतां येतो. फर्मवेअरच्या स्वतःच्या मांडणींतहि "फास्ट बूट" नांवाची निराळी सोय असते. ती यूएसबीची तपासणी वगळीत असेल तर तेवढ्यापुरती बंद करावी.

दुसरा प्रश्न : प्रथम कोणास घ्यावें?

यंत्रापाशीं एक क्रमवारी असते व तींत बहुधा आंतली चकती पहिली असते. पेनड्राइव्ह निर्दोष असूनहि विंडोजच सुरू होण्याचें हें सर्वांत सामान्य कारण आहे. ही क्रमवारी कायमची बदलण्यापेक्षां एका वेळेपुरती निवड करणारी यादी उघडावी. त्यामुळें मागाहून कांहीं पूर्ववत् करावें लागत नाहीं, आणि वर सांगितलेल्या कुलुपासहि संशय येण्याचें कारण कमी राहतें. डेलच्या व लेनोव्होच्या थिंकपॅड जातीच्या यंत्रांत ही यादी एफ१२ या कळेनें उघडते. एचपीमध्यें प्रथम एस्केप व मग एफ९, तर आसूसच्या लॅपटॉपांत बहुधा एस्केप. एसरमध्यें एफ१२ आहे. परंतु अनेक नमुन्यांत ती कळ आधीं एफ२ नें मांडणींत शिरून चालू करावी लागते. लेनोव्होच्या कांहीं आयडियापॅड यंत्रांत यासाठीं कडेला टाचणीनें दाबावयाचें एक बारीक छिद्र असतें.

यंत्र चालू करतांच ती कळ एकसारखी टिचकी मारल्याप्रमाणें दाबीत राहावें. कंपनीचें चिन्ह दिसून गेल्यावर दाबलेली कळ व्यर्थ जाते.

ॲपलच्या यंत्रांची रीत वेगळी आहे. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरतात. तथापि २०१८ ते २०२० या काळांतील टी२ चिप असलेलीं मॅकबुकें बाहेरचें साधन मूळांतच नाकारतात. त्यांच्या पुनःप्राप्तीच्या भागांतील सुरक्षा-मांडणींत जाऊन तशी परवानगी द्यावी लागते. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपेच्या मॅकवर इंटेलसाठीं केलेला लिनक्सचा पेनड्राइव्ह चालणारच नाहीं; तेथें वेळ दवडूं नये.

तिसरा प्रश्न : मांडणी वाचतां येते काय?

यादींत पेनड्राइव्हचें नांवच नाहीं, किंवा नांव निवडल्यावर क्षणभर काळा पडदा येऊन पुन्हां यादीच येते, असें झाल्यास दोष बहुधा येथें असतो. कित्येक जण उतरवून घेतलेली आयएसओ फाइल नेहमींच्या फाइलीप्रमाणें पेनड्राइव्हवर नकलून ठेवतात. परंतु शिधा आणून कोठींत ठेवला म्हणजे स्वयंपाक झाला असें नव्हे. त्या फाइलींतील रचना उलगडून पेनड्राइव्हवर योग्य जागीं लिहावी लागते. त्यासाठीं रूफस, बलेना एचर यांसारखीं विनामूल्य साधनें आहेत.

ही योग्य जागा कोणती तें यंत्राच्या वयावर अवलंबून असतें. जुना बायोस पेनड्राइव्हचे अगदीं पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यांच्या शेवटीं ठराविक खूण असली कीं तेथील आज्ञा चालवितो. यूईएफआय असें करीत नाहीं. ती फॅट पद्धतीनें आंखलेला भाग शोधते, त्यांत "ईएफआय" नांवाचें फोल्डर, त्याच्या आंत "बूट" नांवाचें फोल्डर, व त्यांत "बूटएक्स६४" या नांवाची फाइल पाहते. पेनड्राइव्ह केवळ एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीनें आंखलेला असेल तर बहुतेक फर्मवेअरांस तो कोरा वाटतो. मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह दुकानांतून येतांनाच एक्सफॅट पद्धतीचे असतात, हें लक्षांत ठेवावें.

आपलें यंत्र कोणत्या रीतीनें चालतें हें विंडोजमध्येंच कळतें. शोधाच्या चौकटींत "सिस्टिम इन्फर्मेशन" असें लिहून तो तक्ता उघडावा व "बायोस मोड" ही ओळ पाहावी. तेथें "यूईएफआय" असेल तर रूफसमध्यें जीपीटी व यूईएफआय हे पर्याय निवडावे. "लेगसी" असेल तर एमबीआर व बायोस. त्याच तक्त्यांतील "सिक्युअर बूट स्टेट" ही ओळहि टिपून ठेवावी; पुढें उपयोगी पडेल. लेगसी चालत नाहीं म्हणून यूईएफआय, आणि तें चालत नाहीं म्हणून पुन्हां लेगसी, अशी यंत्राची मांडणीच फिरवीत बसूं नये. असें केल्यानें चकतीवरील चांगलें चालणारें विंडोजहि सुरू होईनासें होतें व घरांत नाहक घबराट पसरते. पेनड्राइव्ह यंत्रास अनुरूप करावा. यंत्रास पेनड्राइव्हप्रमाणें वळवूं नये. इंटेलनें तर जुनी लेगसी रीत २०२० पर्यंत सोडून देण्याचा मनोदय २०१७ मध्येंच जाहीर केला होता. त्यामुळें अनेक नव्या यंत्रांत ती मुळींच सांपडणार नाहीं.

विंडोजचाच पेनड्राइव्ह करावयाचा असेल तर आणखी एक अडचण येते. फॅट३२ पद्धतींत एक फाइल ४ जीबीपेक्षां मोठी असूं शकत नाहीं, आणि विंडोजची मुख्य फाइल पुष्कळदां त्याहून मोठी असते. म्हणून हातानें नकलण्याच्या भानगडींत न पडतां मायक्रोसॉफ्टचें मीडिया क्रिएशन टूल वापरावें. त्यास निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. रूफस हीच अडचण फॅटचा एक चिमुकला साहाय्यक भाग जोडून सोडवितें.

सन २०१३ नंतर आलेल्या कांहीं स्वस्त, ॲटम प्रोसेसरच्या छोट्या यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटी परंतु यूईएफआय ३२ बिटी असा विचित्र संयोग आहे. तीं "बूटआयए३२" या नांवाची फाइल मागतात. प्रणालीच्या प्रतींत ती नसेल तर बाकी सर्व बरोबर असूनहि तें यंत्र गप्प राहतें.

शेवटीं, उतरवून घेतलेली फाइलच वाटेंत बिघडलेली असूं शकते. प्रणालीचे कर्ते तिच्यासोबत एसएचए-२५६ नांवाची ६४ चिन्हांची ओळखखूण प्रसिद्ध करतात. विंडोजमधील सर्टयूटिल या आज्ञेनें आपल्या फाइलीची खूण काढून ती ताडून पाहावी. एक चिन्ह जरी वेगळें आलें तरी फाइल पुन्हां उतरवावी.

चौथा प्रश्न : सही कोणाची?

यादींत नांव आहे, निवडहि झाली, आणि मग "सिक्युअर बूट व्हायोलेशन" किंवा "इनव्हॅलिड सिग्नेचर" अशा अर्थाची चौकट आली, तर यंत्र सहीवर अडलें आहे. सिक्युअर बूट ही सोय २०१२ मध्यें विंडोज ८ च्या यंत्रांबरोबर सर्वत्र पसरली. ज्या आज्ञावलीवर यंत्राच्या ओळखीच्या प्रमाणपत्राची सही नाहीं, ती सुरूच होऊं द्यावयाची नाहीं, असा हिचा नियम. विंडोजच्याहि आधीं यंत्रांत शिरणाऱ्या लबाड आज्ञावलींपासून ती आपलें रक्षण करते. म्हणून तिला अडथळा समजून प्रथमच बंद करणें शहाणपणाचें नाहीं.

उबुंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्स मिंट यांच्या प्रतींत शिम नांवाचा मायक्रोसॉफ्टच्या सहीचा लहानसा दुवा असतो व त्यायोगें त्या आंत घेतल्या जातात. आर्च लिनक्सच्या अधिकृत प्रतीवर अशी सही नसते. मग तीन वर्षांपूर्वीं चाललेला उबुंटूचाच पेनड्राइव्ह आज कां नाकारला जातो? सही ओळखीची असली तरी ती रद्द झालेली असूं शकते. ग्रब या आरंभक आज्ञावलींत बूटहोल नांवाचा दोष जुलै २०२० मध्यें जाहीर झाला. त्यानंतर दोषी प्रतींवर बंदी घालण्याच्या याद्या यंत्रांत भरल्या जाऊं लागल्या. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुधारणेनें अशीच बंदी आणली, आणि विंडोजशेजारीं लिनक्स नांदत असलेलीं अनेक यंत्रें "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असें म्हणून अडलीं. यावर उपाय सोपा आहे : प्रणालीची ताजी प्रत उतरवून पेनड्राइव्ह नव्यानें करावा.

याच्या उलट प्रकारहि संभवतो. सन २०११ मधील मूळ प्रमाणपत्रांची मुदत २०२६ च्या जून महिन्यापासून क्रमाक्रमानें संपते व त्यांच्या जागीं २०२३ चीं प्रमाणपत्रें आणलीं गेलीं आहेत. केवळ नव्या प्रमाणपत्राची सही असलेला पेनड्राइव्ह, सुधारणा न केलेलें जुनें यंत्र ओळखणार नाहीं. अशा वेळीं विंडोजच्या व फर्मवेअरच्या सुधारणा आधीं पुऱ्या करून घ्याव्या. सन २०२२ पासूनच्या कांहीं यंत्रांत तर लिनक्ससाठीं वापरलें जाणारें "थर्ड पार्टी" प्रमाणपत्र मुद्दाम बंद ठेवलेलें असतें. फर्मवेअरच्या सुरक्षेच्या पानावर त्या नांवाचा पर्याय चालू केला म्हणजे सिक्युअर बूट बंद न करतांच काम होतें. व्हेंटॉय या साधनानें केलेला पेनड्राइव्ह पहिल्या वेळीं निळ्या पडद्यावर आपली किल्ली नोंदवावयास सांगतो. तो दोष समजून यंत्र बंद करूं नये.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर, आणि तेव्हांच, सिक्युअर बूट तात्पुरतें बंद करावें. परंतु त्यापूर्वीं ४८ अंकांची किल्ली हातीं असावी व विंडोजमध्यें बिटलॉकरचें संरक्षण तात्पुरतें स्थगित केलेलें असावें. काम संपतांच, नवी प्रणाली मान्य करीत असल्यास, तें पुन्हां चालू करावें.

निदानाची कसोटी

कोणत्या प्रश्नावर अडलें आहे हें अजूनहि उमगत नसेल, तर एक अदलाबदलीचा प्रयोग करावा. तोच पेनड्राइव्ह घरांतील दुसऱ्या लॅपटॉपवर लावून पाहावा. तेथें नुसती निवडीची यादी दिसली तरी पुरे, पुढें कांहीं बसवूं नये. तेथेंहि चालला नाहीं तर दोष पेनड्राइव्हचा, आणि आपल्या यंत्राच्या मांडणीस हात लावण्याचें कारणच उरलें नाहीं. तेथें चालला तर दोष या यंत्राच्या बाजूचा. दहा मिनिटांच्या या प्रयोगानें अर्ध्या शंका गळून पडतात.

याउलट, लिनक्सची यादी दिसली, निवडहि झाली आणि त्यानंतर पडदा काळा झाला, तर पेनड्राइव्हनें आपलें काम चोख केलें आहे. आतां अडचण चित्र दाखविणाऱ्या भागाची आहे. लिनक्स मिंटच्या यादींत यासाठीं "कंपॅटिबिलिटी मोड" असा पर्याय दिलेला असतो. तो वापरून पाहावा. चारहि प्रश्न सुटल्यावर पुन्हां पहिल्या प्रश्नाकडे धांवणें हा व्यर्थ खटाटोप होय.

प्रयोग करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व बदलण्यापूर्वीं मूळची स्थिति वहींत लिहावी. जमल्यास मोबाइलनें त्या पडद्याचें छायाचित्र घ्यावें. दोन गोष्टी एकदम बदलून यश आलें तरी तें कोणत्या बदलानें आलें हें समजत नाहीं. आणि अपयश आलें तर परतीची वाट सांपडत नाहीं.

प्रणाली सुरू झाल्यावर लगेच बसविण्याची आज्ञा देऊं नये. उबुंटू व मिंट या दोन्ही प्रणाली चकतीस हात न लावतां पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतात. वायफाय लागतें काय, आवाज येतो काय, देवनागरी टंकतां येतें काय, घरचा छपाईयंत्र-जोड चालतो काय, हें एक-दोन दिवस पाहावें. ज्यांचें ज्यांचें काम त्या लॅपटॉपवर आहे त्या सर्वांनीं तो वापरून संमति द्यावी, आणि मगच चकती पुसण्याच्या त्या एका प्रश्नास होकार द्यावा. त्या होकारानंतर मात्र मागें फिरतां येत नाहीं.

इतकें करूनहि एखादें यंत्र दाद देत नाहीं, असें होऊं शकतें. फर्मवेअरवर जुन्या मालकाचा परवलीचा शब्द असतो, किंवा खांचच निकामी झालेली असते. तेव्हां खेद मानूं नये. लॅपटॉपची चकती बहुतेक नमुन्यांत काढतां येते व योग्य जोडणीनें दुसऱ्या यंत्रावर वाचतां येते. कुलुपाची किल्ली जपून ठेवली असेल तर तींतील एकहि अक्षर वायां जात नाहीं. यंत्र पुन्हां विकत मिळतें. आजोबांनीं जुळविलेली वंशावळ दुसऱ्यांदा जुळविण्यास ते नेहमींच आपल्यांत असतील असें नाहीं. म्हणून या सर्व खटपटींत पहिला दिवस त्या प्रतीसाठीं राखून ठेवावा, आणि पेनड्राइव्हला दुसऱ्या दिवशीं हात लावावा.